सीताफळाला हातानं पराग लावताना

सासवडजवळ आमच्या परसात सीताफळाची तीन झाडं आहेत. फुलं शेकड्यानं, फळं मात्र मोजून दहा-बारा, आणि त्यातलीही निम्मी एका अंगानं बसकी. शेणखत झालं, पाणी वाढवून झालं. मग एकदा फूल उकलून नीट बघितलं.

सीताफळाच्या एकाच फुलात स्त्रीकेसर आणि पुंकेसर दोन्ही असतात, पण त्यांची वेळ जुळत नाही. आधी स्त्रीकेसर तयार होतात. तेव्हा तीन जाड पाकळ्या जेमतेम फटीएवढ्या उघडलेल्या असतात आणि आतली टोकं ओलसर, चिकट दिसतात. पराग सुटतात ते नंतर, पाकळ्या पुरत्या फाकल्यावर. तोवर ती टोकं सुकून गेलेली. मधमाश्या इकडे फारशा फिरकत नाहीत. हे काम बारीक भुंग्यांचं, तेही फटीतून आत शिरणाऱ्या.

मी जूनमध्ये, पहिले पाऊस झाल्यावर सुरू करते. कोरड्या उन्हात टोकं लवकर सुकतात. पहाटे पूर्ण फाकलेली फुलं तोडायची आणि कुंकवाच्या रिकाम्या डबीत झटकायची. केसर आणि पराग सगळं एकत्र पडतं, निवडत बसू नका. मग अर्धवट उघडलेलं फूल शोधायचं, पाकळी अंगठ्यानं हलकेच बाजूला करायची आणि मुलांच्या रंगपेटीतला मऊ ब्रश आत चारी बाजूंनी फिरवायचा.

चारी बाजूंनी का, तर सीताफळ हे एक फळ नव्हेच. फुलातल्या प्रत्येक स्त्रीकेसराचा एकेक डोळा होतो. परागातून नळी आत उतरते, बीजांडाशी मीलन होतं, बी धरते आणि तिच्याभोवती गर भरतो. ज्या बाजूला पराग पोचले नाहीत ती बाजू खुरटते. आमची बसकी फळं त्यातलीच.

पहिल्या वर्षी मी उलटं केलं होतं: छान उमललेली फुलं बघून त्यांनाच ब्रश लावला. आठवडाभरात सगळी गळून पडली.

जाड फांद्यांवरचीच फुलं निवडा आणि देठाला दोरा बांधा, म्हणजे कोणतं लावलेलं ते कळतं. भुंगे यावेत म्हणून झाडाखाली आंब्याच्या कुजक्या सालीही ठेवून पाहिल्या. भुंगे किती आले देव जाणे, वास मात्र शेजारणीच्या ओट्यापर्यंत पोचला.