पेनसिल्व्हेनियात सरकारी जमिनीवर हरणाची शिकार: जागा ठरवण्याची तयारी

नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगच्या सणाला, गुरुवारी, जेवणं आटोपली की दरवर्षी एखादा तरी फोन येतो. "परवा रायफलचा सीझन सुरू होतोय, कुठे जाऊ?" तहान लागल्यावर विहीर खणायची ही रीत. जागेचा प्रश्न जूनमध्येच निम्मा सुटलेला असायला हवा. म्हणून ही यादी जूनपासून सुरू करतो. आमच्या हॅरिसबर्गच्या आसपासच्या मराठी मंडळींना ती जास्त उपयोगी पडेल.

एक गोष्ट आधीच सांगतो, म्हणजे भारतातून वाचणाऱ्यांचा गैरसमज नको. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने चितळ-सांबराच्या शिकारीला बंदी आहे, आणि ती असायलाच हवी. इथलं गणित वेगळं आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला या राज्यातली पांढऱ्या शेपटीची हरणं जवळजवळ संपली होती. १९०६ पासून मिशिगनसारख्या राज्यांतून हरणं आणून सोडावी लागली. लांडगे आणि प्यूमा तोवर नाहीसे झाले होते. मग हरणं इतकी वाढली की कित्येक डोंगरांवर ओकचं नवं रोप गुडघ्याच्या वर जाईना. म्हणून इथे त्यांची संख्या शिकारीनेच आवरावी लागते.

कागदपत्रं पटकन उरकू. पहिल्यांदा लायसन्स घेणाऱ्याला शिकार-प्रशिक्षणाचा कोर्स करावा लागतो, तो उन्हाळ्यातच करून टाका. एच-१बी वगैरे व्हिसावर असाल तर हे नीट वाचा. नॉनइमिग्रंट व्हिसावरच्या माणसाला बंदूक जवळ बाळगायला फेडरल कायद्याने मनाई आहे, आणि वैध शिकारीचं लायसन्स हातात असणं हा त्यातला अपवाद आहे. म्हणजे आधी लायसन्स, मग बंदुकीला हात. मित्राची रायफल "जरा धरून बघतो" हेही त्याआधी नको. ग्रीन कार्डाची फाइल चालू असेल तर वकिलाला एक फोन कराच.

आता जून. राज्याचे शिकारीसाठी विभाग पाडलेले आहेत, २जी, ४सी अशा नावांचे. साध्या लायसन्सवर शिंगवाला नर मारता येतो. मादीसाठी वेगळं लायसन्स लागतं, आणि ते एकाच विभागापुरतं चालतं. दर विभागाचा कोटा ठरलेला असतो आणि विक्री जूनच्या अखेरीला सुरू होते. २०२३ च्या आधी गुलाबी पाकिटात अर्ज घालून कौंटी ट्रेझररकडे पाठवावा लागे. आता ऑनलाइन मिळतं, एवढाच फरक. थोडक्यात, कुठल्या डोंगरावर बसायचं हे ठरलं नसलं तरी कुठल्या विभागात, हे जूनमध्ये ठरवावंच लागतं. नवख्याने मादीचं लायसन्स घ्यावंच. सकाळभर नुसत्या माद्या समोरून जाताना पाहत बसायची पाळी माझ्यावर आली आहे.

विभाग ठरवताना घरापासूनचं अंतर बघा. माझा नियम दीड तासाचा. त्याहून लांब असेल तर तुम्ही सीझनआधी तिथे एकदा जाल, फार तर दोनदा. जवळ असेल तर सहा वेळा जाल, आणि सहा वेळा पायाखालून गेलेला साधा डोंगर ऐकीव नावाजलेल्या डोंगराला भारी पडतो. जमीन भरपूर आहे. गेम कमिशनच्या, म्हणजे राज्याच्या शिकार-वन्यप्राणी खात्याच्या, ताब्यातल्या गेम लँड ३०० हून जास्त आणि मिळून सुमारे १५ लाख एकर. स्टेट फॉरेस्ट सुमारे २२ लाख एकर. वायव्येला अलेगनी नॅशनल फॉरेस्ट सुमारे ५ लाख. गेम लँड शिकारीसाठीच राखलेल्या, म्हणून तिथे गर्दीही शिकाऱ्यांचीच. मला स्वतःला स्टेट फॉरेस्ट आवडतं. मिशॉ, टस्करोरा, रॉथ्रॉक, बॉल्ड ईगल ही नावं नकाशावर शोधून ठेवा. स्प्राऊल आणखी मोठं, पण तिथे वाट चुकलं तर फोनलाही रेंज नसते. ते पुढच्या एखाद्या वर्षासाठी ठेवा.

नकाशा उघडण्याआधी रोगाचा पट्टा तपासा. हरणांचा मेंदू पोखरणारा सीडब्ल्यूडी नावाचा रोग या राज्यात २०१२ मध्ये पहिल्यांदा सापडला. बाधित पट्ट्यांतून डोकं, मणका असे भाग बाहेर न्यायला निर्बंध असतात. पट्ट्यांच्या हद्दी आणि नियम बदलत राहतात, तेव्हा चालू वर्षाचाच नकाशा घ्या. जागा पट्ट्याच्या आत आणि तुमचा खाटीक बाहेर, असं असेल तर हरीण पडल्यावर संध्याकाळी धावाधाव होते.

आता नकाशा. ज्यांनी सह्याद्रीत चार पावसाळे काढलेत त्यांना इथे मोठा फायदा आहे, आणि तो कोणी वापरत नाही याचं मला नवल वाटतं. पेनसिल्व्हेनियाचा मधला भाग म्हणजे एकामागे एक लांबच लांब धारा, नैऋत्येकडून ईशान्येकडे गेलेल्या, आणि मधल्या दऱ्यांत शेती. समोच्च रेषांचा नकाशा घ्या, दोन रेषांमध्ये बहुधा २० फुटांचा फरक असतो. त्यावर आधी खिंडी शोधा. धार ओलांडायला हरीण खिंडच धरतं, आपल्यासारखंच आळशी असतं ते. मग पदर शोधा. उभ्या उतारावर रेषा मधेच विरळ होतात, ती सपाटी म्हणजे पदर. इथली माणसं त्याला बेंच म्हणतात. हरणांची आडवी वाट त्याच्यावरून जाते, थेट आपल्या ढोरवाटेसारखी. मग धारेवरून उतरलेल्या सोंडा. नर दिवसा सोंडेच्या टोकाजवळ बसतो, वारा पाठीवर आणि नजर खाली दरीत. चौथी जागा घळीचं डोकं. उभी घळ उतरून चढण्यापेक्षा हरणं तिच्या माथ्याला वळसा घालतात, आणि त्या वळशावर सगळ्या वाटा एकत्र येतात. अशा पाच-सहा ठिकाणी खुणा करा. प्रत्यक्ष गेल्यावर त्यातल्या तीन बाद होतील.

पहिल्या वर्षी माझ्याकडून चूक झाली ती इथेच. नकाशावर इतकी सुरेख खिंड सापडली होती की मी दुसरं काही बघितलंच नाही. गाडी लावायच्या जागेपासून जेमतेम ३०० यार्ड. पहाटे काळोखात जाऊन बसलो, उजाडलं, आणि समोरच्या उतारावर एक केशरी ठिपका दिसला, म्हणजे सक्तीचं केशरी जाकीट घातलेला दुसरा शिकारी. मग डावीकडे दुसरा. सात वाजेपर्यंत पाच मोजले. पाचवा माझ्याकडे बघून हात हलवत होता.

तेव्हापासून मी आधी माणसांचा नकाशा काढतो. गाडी लावायच्या सगळ्या जागा, फाटकं, रस्ते, चांगल्या पायवाटा यांच्यावर खुणा करायच्या आणि पहाटे कोण कुठून चढेल याचा अंदाज बांधायचा. पहिल्या दिवशी दहा वाजेपर्यंत ही माणसंच हरणांना हलवतात. शिवाय दहा-बारा जणांच्या टोळ्या रान उठवायला हाका घालतात, हुबेहूब जुन्या संस्थानी शिकारीसारखा. मग हरणं दाट झाडीत घुसतात. इथे ती झाडी म्हणजे माउंटन लॉरेल, पाचर मारल्यासारखी दाट आणि नोव्हेंबरातही हिरवीगार. गर्दीची जागा आणि लॉरेलचं रान यांच्यामध्ये जो पदर किंवा खिंड पडते, ती तुमची जागा. फाटकापलीकडे मैलभर चालायची तयारी असेल तर उत्तमच, पण लांब म्हणजे चांगलं हेही खरं नाही. रस्त्याच्या डोक्यावर उभा चढ असतो, त्याच्यावर चारशे फुटांवर पदर असतो, आणि सगळे जण खालच्या सपाट वाटेने पुढे निघून जातात.

पायी पाहणी दोनदा करा. पहिली फेब्रुवारी-मार्चमध्ये, म्हणजे खरं तर आदल्या सीझनच्या शेपटालाच. पानं नसतात, बर्फ नुकता वितळलेला असतो आणि हरणांच्या वाटा फळ्यावर रेघ ओढल्यासारख्या दिसतात. नराने शिंगं घासलेली रोपंही तेव्हाच नजरेस पडतात. मला एका पदरावर मनगटाएवढ्या जाडीचं रोप सापडलं होतं. मांडीच्या उंचीला साल सोललेली, आतलं लाकूड ताकासारखं पांढरं, आणि खाली सालीच्या दशा लोंबत होत्या. पुढे वीस पावलांवर दुसरं, मग तिसरं, एका ओळीत. त्या ओळीवरून तो कुठून कुठे जात होता ते कळलं.

दुसरी फेरी सप्टेंबरमध्ये, ओकच्या फळांसाठी. पांढऱ्या ओकच्या पानाचे फाटे गोलसर, लाल ओकचे टोकदार. पांढऱ्याचं फळ एका मोसमात पिकतं आणि कमी तुरट असतं, त्यामुळे हरणं आधी त्याच्याखाली येतात. लाल ओकची फळं मागाहून, थंडीत उपयोगी पडतात. एखाद्या वर्षी झाडांना फळच धरत नाही, म्हणून गेल्या वर्षीची जागा यंदा मोकळी निघू शकते. जमिनीवर नुसत्या नेच्यांचा गालिचा पसरलेला दिसला तर हुरळून जाऊ नका. दिसायला फोटोजोगं, पण खाण्यासारखं सगळं हरणांनी आधीच संपवलंय असा त्याचा अर्थ. त्यापेक्षा पाच-सात वर्षांपूर्वी झाडतोड झालेली, आता माणसाला आत शिरता येत नाही अशी जागा बघा. घरी आल्यावर गोचिडी शोधा, काखेत आणि गुडघ्यामागे. इथे लाइम रोग फार.

वाऱ्याबद्दल शाळेच्या भूगोलात शिकलेलं पुरतं: ऊन चढलं की हवा दरीतून वर, उन्हं कलली की डोंगरावरून खाली. म्हणजे सकाळी वाटेच्या वर बसायचं, संध्याकाळी खाली. प्रत्येक खुणेपुढे ती कुठल्या वाऱ्याला चालते ते लिहून ठेवा.

हद्द पायाने बघून घ्या, नुसत्या ॲपवर विसंबू नका. झाडावर जांभळ्या रंगाचा पट्टा दिसला की पलीकडे खाजगी, आत पाऊल नाही. पाटीच हवी असं नाही. राहत्या घरापासून १५० यार्डांच्या आत बंदूक चालवता येत नाही, तेव्हा कडेच्या घरांभोवती ते वर्तुळही नकाशावर काढा. मचाण बांधणार असाल तर सरकारी झाडाला खिळे किंवा स्क्रू ठोकू नका. रविवारची शिकारबंदी २०१९ पासून सैल होत गेली आणि २०२५ च्या कायद्याने उठली, पण तुमच्या जागेला कुठले रविवार खुले आहेत ते त्या वर्षीच्या नियमपुस्तिकेत बघा.

आणि आता सगळे जण विसरतात ते: हरीण पडल्यावर ते गाडीपर्यंत कसं आणणार? आतडी काढल्यावरही पन्नास-एक किलोचं धूड असतं. गेम लँडच्या आत फाटकापलीकडे गाडी घालता येत नाही. उताराने ओढणं जमतं, चढाने पाचशे फूट म्हणजे दोन माणसांची अख्खी दुपार. माझी सगळ्यात आवडती खिंड मी याच कारणाने सोडली, तिच्यापासून गाडी पलीकडच्या दरीत राहते. जागा शक्यतो गाडीच्या वरच्या अंगाला निवडा. हलवण्याआधी लायसन्सबरोबरचा टॅग भरून हरणाच्या कानाला लावायचा असतो, तेव्हा पेन आणि दोरा खिशात हवा. मांस जास्त झालं तर हंटर्स शेअरिंग द हार्वेस्ट ही संस्था ते गरजूंपर्यंत पोचवते. घरी ठेवलंत तर रश्शाला तेल सढळ घाला, या मांसाला चरबी नसतेच.

आदल्या रात्री तीन जागा कागदावर हव्यात, पसंतीच्या क्रमाने, आणि तो कागद घरच्यांकडेही. फोनमध्ये नकाशा ऑफलाइन उतरवलेला. डोकं, छाती, पाठ मिळून २५० चौरस इंच केशरी कापड, चारी बाजूंनी दिसेल असं. हेडलॅम्प, त्याचे जादा सेल, थर्मासमध्ये चहा. पहाटे साडेचारला पहिल्या जागेशी पोचा आणि गाड्या मोजा. तीनपेक्षा जास्त दिसल्या तर दार उघडूही नका, दुसऱ्या जागेकडे निघा.