मुंबईत मध्यरात्रीनंतर खायचं तर आधी घड्याळ बघा

मुंबईत रात्रभर खायला मिळतं, हे निम्मंच खरं आहे. पावणेबाराला जी गल्ली फुललेली असते तिथे अडीचला कुत्री झोपलेली असतात, आणि पहाटे चारला जिथे गर्दी असते तिथे रात्री दहाला कुणी फिरकतही नाही. म्हणून जागेचं नाव शोधण्याआधी वेळ बघायची. रात्रीचे ढोबळ चार भाग पडतात: साडेबारापर्यंत, साडेबारा ते दीड, दीड ते साडेतीन आणि त्यानंतरची पहाट. अवघड आहे तो तिसरा. बाकीच्या तिन्हींत उपाशी राहिलात, तर दोष मुंबईचा नाही.

कायद्याची अडचण नाही. राज्याच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना अधिनियमाने खाण्याची ठिकाणं चोवीस तास उघडी ठेवायला मुभा दिली आहे. दारूची ठिकाणं तेवढी त्यातून वगळली आहेत. तरी बहुतेक हॉटेलं बंद होतात, कारण तिसऱ्या पाळीला माणसं ठेवणं परवडत नाही आणि शेवटची लोकल गेली की गिऱ्हाईक आटतं. कसारा-कर्जतच्या शेवटच्या गाड्या सीएसएमटीहून साडेबाराच्या आतच सुटतात. चर्चगेटहून बोरिवलीची शेवटची गाडी एकच्या सुमारास असते. पुढची लोकल थेट पहाटे चारच्या आसपास. खाण्याचं वेळापत्रक या गाड्यांच्या मागेमागेच चालतं.

साडेबाराच्या आत

उडुपी हॉटेलच्या पाटीवर अकरा लिहिलेलं असलं, तरी आतली आवराआवर साडेदहालाच सुरू होते. आधी डोशाचा तवा थंड होतो, मग ज्यूसवाला मिक्सर धुतो, चहा-कॉफी शेवटपर्यंत टिकते. त्यामुळे बसल्याबसल्या मेनूकार्ड उघडण्यात अर्थ नाही. वेटरला सरळ विचारा, "काय चालू आहे?" एवढ्या उशिरा इडली-वडा मागवू नये. इडली सकाळची नसली तरी संध्याकाळची असते, आणि ओल्या नारळाची चटणी एप्रिल-मेमध्ये रात्रीपर्यंत आंबलेली असते. सांबार उकळत असेल तर चालेल. टोस्ट सँडविच, पुलाव, पावभाजी असं समोर गरम होणारं काहीतरी घ्या.

पंजाबी-मोगलाई हॉटेलात सगळ्यांत आधी विझतो तो तंदूर. भाजी, ग्रेव्ही गॅसवर कधीही होते. पण अर्धी भाजी संपल्यावर "अजून दोन रोट्या" म्हणालात की "भट्टी बंद झाली साहेब" असं उत्तर येतं. रोट्या पहिल्याच ऑर्डरमध्ये मोजून सांगा, माणशी तीन धरा. शटर अर्धं खाली आलेलं दिसलं तर निराश होऊ नका. बसायला मिळणार नाही, पण पार्सल बहुतेक ठिकाणी देतात. वाकून आत बघून विचारायचं, एवढंच.

या वेळेचा राजा म्हणजे पावभाजी. ताडदेवची 'सरदार' मध्यरात्र उलटेपर्यंत भरलेली असते. पार्ल्याला कूपर हॉस्पिटलजवळचं 'अमर ज्यूस सेंटर' त्याहून उशिरापर्यंत चालतं. सरदारकडे भाजीवर लोण्याचा जो थर येतो तो तुमच्या रात्रीच्या झोपेचा विचार करून घातलेला नसतो. लोणी कमी हवं असेल तर ऑर्डर देतानाच सांगा. ताट समोर आल्यावर लोणी काढून मिळत नाही, कारण अर्धं तव्यावरच भाजीत जिरलेलं असतं. दोघांत एक भाजी आणि जादा पाव पुरतात. हाजी अलीचं ज्यूस सेंटरही उशिरापर्यंत उघडं असतं, मात्र तिथे पोट भरायला जाऊ नये, जेवणानंतर फळांची क्रीम खायला जावं.

चौपाट्यांवर, गिरगावला आणि जुहूला, बारापर्यंत रेलचेल असते. भेळ, शेवपुरी खुशाल खा. पाणीपुरीचं पाणी आणि गोळ्याचा बर्फ मात्र रात्रीच्या त्या टप्प्याला सोडून द्या: माठातलं पाणी संध्याकाळपासूनचं असतं, आणि शंभर वेळा हात बुडालेला असतो.

साडेबारा ते दीड

आता शाकाहारी माणसाचे पर्याय एकदम कमी होतात आणि कबाबवाल्यांचे दिवे उजळतात. कुलाब्यात ताजमहाल हॉटेलच्या मागच्या गल्लीतलं 'बडेमियाँ' १९४६ पासूनचं. दोघांना एक बैदा रोटी, एक प्लेट सीख कबाब आणि तीन रुमाली रोट्या पुरतात. बैदा रोटी म्हणजे खिम्याचं सारण भरून अंड्यात घोळून तव्यावर भाजलेला चौकोनी रोल. तो कापून मिळतो आणि गार झाला की तुपट लागतो, म्हणून तो आधी संपवायचा. रुमाली तर दोन मिनिटांत कडक होते. ती कबाबाबरोबरच येऊ दे असं सांगा, आधी नको. मांसाच्या कुठल्याही गाडीवर एक गोष्ट बघा: सीख तुमच्या ऑर्डरनंतर निखाऱ्यावर चढते की आधीच अर्धी भाजून रचून ठेवलेली असते? रचलेल्या ढिगातली देत असतील तर "नीट भाजून द्या" म्हणा आणि पाच मिनिटं जास्त थांबा.

भेंडी बाजार आणि मोहम्मद अली रोडचा भागही या वेळी जागा असतो. 'नूर मोहम्मदी' हॉटेलची नळी निहारी, म्हणजे मंद आचेवर शिजलेला मांसाचा रस्सा, प्रसिद्ध आहे, पण तिथे निघायच्या आधी फोन करा. निहारी हंड्यात असते तोवरच, संपली की त्या रात्रीपुरती संपली. माहीमला दर्ग्याच्या आसपास कबाब आणि फालुदा उशिरापर्यंत मिळतो. 'बाबा फालुदा' इथलाच. फालुदा हे जेवण नव्हे असं समजू नका. सब्जा, शेवया, रबडी, कुल्फी एवढं सगळं पोटात गेल्यावर पुन्हा भूक लागत नाही.

परमिट रूम आणि बारचं शेवटचं टोक दीड. तिथलं स्वयंपाकघर त्याआधी अर्धा तास ऑर्डर घेणं थांबवतं. बारमध्ये बसून "मग जेवू" म्हणणारे दीडनंतर रस्त्यावर येतात तेव्हा शहरातली निम्मी चूल विझलेली असते. जेवण एकलाच सांगून ठेवा.

दीड ते साडेतीन

या दोन तासांत मुंबईला तारते ती भुर्जीची गाडी. अंधेरी, कुर्ला, घाटकोपर, बोरिवली, दादर अशा मोठ्या स्टेशनांच्या बाहेर, हॉस्पिटलांच्या कोपऱ्यांवर आणि रिक्षा-टॅक्सीच्या रांगांजवळ या गाड्या सापडतात. पत्ता पाठ करण्यात अर्थ नाही, कारण पोलिसांची फेरी आली की गाडी दिवा मालवून शंभर पावलं सरकते. टॅक्सीवाल्याला विचारा. तो रोज तिथेच जेवतो.

अपरात्री रस्त्यावर सगळ्यांत सुरक्षित अन्न तेच, कारण अंडं तुमच्यासमोर फुटतं आणि दोन मिनिटांत तव्यावरून थेट ताटलीत येतं. बिघडायला त्याला वेळच मिळत नाही. बिघडतं ते सोबतचं. चिरून ठेवलेला कांदा-टोमॅटो भुर्जीत शिजतो म्हणून चालतो, पण वरून पेरलेला कच्चा कांदा आणि हिरवी चटणी नको म्हणा. मागायची पद्धत अशी: "डबल अंडा, सुकी, तिखट कमी, चार पाव भाजून." डबल म्हणजे दोन अंडी. एका भुकेल्या माणसाला दोन अंडी आणि चार पाव पुरतात. ड्रायव्हर लोक तीन अंडी घेतात. सुकी न सांगितल्यास टोमॅटोचं पाणी सुटलेली ओलसर भुर्जी मिळते, तीही वाईट नसते, फक्त पाव भिजतो. पाव ताजा आहे का ते बोटाने दाबून कळतं: वर उसळला तर आजचा, खड्डा राहिला तर कालचा. कालचा असेल तर लोण्यावर कडक भाजून घ्यावा, काही बिघडत नाही. अंडं न खाणाऱ्यांना याच गाडीवर मसाला पाव करून मागता येतो, पण तवा एकच असतो, हे लक्षात ठेवा.

चायनीजच्या गाडीपासून या वेळी लांब राहा. फ्राइड राइसचा भात दुपारी किंवा संध्याकाळी उकडून मोठ्या परातीत उघडा ठेवलेला असतो. शिजलेला भात उबदार हवेत तासन् तास राहिला की त्यात जिवाणू विष तयार करतात, आणि ते विष पुन्हा परतलं तरी जात नाही. म्हणजे मोठी आच आणि कढईतून उडणाऱ्या ज्वाळा बघून निर्धास्त होऊ नका. दुसऱ्या दिवशी "काल काय खाल्लं?" असं डॉक्टर विचारतात तेव्हा उत्तर बऱ्याचदा हेच असतं. वडापावचंही तसंच: कढईखाली आग आहे का बघा. तेल काळं पडून त्यावर फेस येत असेल तर पुढे चला.

सायकलवर थर्मास लावून फिरणारे चहावाले मरीन ड्राइव्हपासून सगळ्या मोठ्या जंक्शनपर्यंत भेटतात. त्यांच्याकडे चहा, कधी कॉफी, बिस्किटं आणि बन. पोट भरत नाही, पण साडेतीनपर्यंत निभावतं.

छप्पर हवं असेल तर तीन मार्ग. पहिला, लांब पल्ल्याच्या गाड्यांचं स्टेशन: सीएसएमटी, दादर, लोकमान्य टिळक टर्मिनस, वांद्रे टर्मिनस. मध्यरात्रीपासून पहाटेपर्यंत गाड्या येत-जात असल्याने एखादा तरी स्टॉल चालू असतो. चहा, ब्रेड-बटर, ऑमलेट मिळतं. आत शिरायला १० रुपयांचं प्लॅटफॉर्म तिकीट काढा, ते दोन तास चालतं. तिकिटाशिवाय शिरलात तर चहा फार महाग पडेल. दुसरा मार्ग, पंचतारांकित हॉटेलांची चोवीस तास चालणारी कॉफी शॉप. बिल दहापट येतं, पण एकट्या बाईमाणसाला किंवा लहान मूल बरोबर असलेल्यांना दोन तास शांत बसायला ती जागा चांगली. भुर्जीच्या गाडीवर मूल झोपवता येत नाही. तिसरा, फोनवरून मागवणं. इथे चूक होते ती अंतराची. अपरात्री जवळचं सगळं बंद असल्याने ॲप आठ-दहा किलोमीटरवरचं हॉटेल दाखवतं आणि डोसा, भजी, फ्राइज अशा गोष्टी वाफेने मऊ पडून येतात. अंतर चार किलोमीटरच्या वर असेल तर बिर्याणी, रोल किंवा दाल-खिचडी मागवा. हे पदार्थ डब्यात टिकतात.

जाण्या-येण्याचा खर्च जेवणापेक्षा जास्त होऊ शकतो, तो आधी धरा. मध्यरात्र ते पहाटे पाच या वेळात टॅक्सी आणि रिक्षाच्या मीटरवर २५ टक्के जादा भाडं लागतं. फेब्रुवारी २०२५ पासून टॅक्सीचं किमान भाडं ३१ रुपये आहे, रात्री ते सुमारे ३९ होतं. माहीम आणि सायनच्या दक्षिणेला रिक्षा चालत नाही, त्यामुळे वांद्र्याहून कुलाब्याला कबाब खायला निघालेल्यांनी टॅक्सीच धरावी. दोन-तीनशे रुपये सुट्टे खिशात ठेवा. मध्यरात्रीच्या आसपास बँकांचं काम चालू असलं की यूपीआय अडकतं, आणि गाडीवाल्याला पाचशेची मोड देणं त्या वेळी जमत नाही.

रमजानचा महिना

वरचे सगळे नियम एका महिन्यापुरते गुंडाळून ठेवा. मिनारा मशिदीची गल्ली आणि बोहरी मोहल्ला सेहरीपर्यंत, म्हणजे रोजा सुरू होण्याआधीच्या पहाटेच्या जेवणापर्यंत, जागे असतात. रमजान दरवर्षी साधारण दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो, त्यामुळे तारीख दरवर्षी नव्याने बघायची. इफ्तारनंतर अकरापर्यंत पाऊल ठेवायला जागा नसते, एकनंतर जा. गाडी नेऊ नका, लोकल चालू असताना निघालात तर मशीद बंदर स्टेशनवरून चालत पोहोचता येतं, परतीला मात्र टॅक्सी. मालपुवा परातीएवढा असतो, तिघा-चौघांत एक घ्या. त्यात अंडं असतं, शाकाहारी मंडळींनी विचारून खावं. मातीच्या कटोरीतली फिरनी मात्र बिनअंड्याची. सुरुवात गोडापासून केली तर निहारीला जागा उरत नाही, ही चूक नवखे हमखास करतात.

साडेतीननंतर

आता शहर पुन्हा चुली पेटवतं. दादर पश्चिमेला फुलबाजार चारच्या सुमारास भरू लागतो आणि हमालांसाठी चहा, पोहे, उपमा घेऊन माणसं डब्यांसह येतात. हा नाश्ता अस्सल ताजा, कारण तो तासाभरापूर्वीच शिजलेला असतो. तिथे वाटेत उभं राहू नका, बाजूला व्हा. डोक्यावर फुलांची टोपली असलेला माणूस वाट मागत नाही. धारावीहून सायकलवर निघणारे इडलीवाले पाचच्या पुढे गल्लोगल्ली भोंगा वाजवू लागतात. निहारी आणि पाया हे खरं तर पहाटेचेच पदार्थ, रात्रभर मंद आचेवर शिजलेले; भेंडी बाजाराकडे कुठे मिळतात ते आदल्या संध्याकाळी विचारून ठेवलं तर या वेळी त्यांची चव सर्वांत चांगली असते.

आणि माटुंगा. मध्य रेल्वेच्या माटुंगा स्टेशनच्या पूर्वेला 'राम आश्रय' पहाटे पाचला उघडतं. त्या आधी दहा मिनिटं पोहोचलात तर बसायला मिळतं, सहानंतर रांग. त्या दिवशी काय आहे ते फळ्यावर लिहिलेलं असतं, तेच मागा. उपमा आणि शिरा आधी तयार असतो, डोशाला तवा तापेपर्यंत थोडं थांबावं लागतं. रात्रभर जागलेल्या पोटाला उपमा आणि फिल्टर कॉफीच बरी, वड्याचं पुढच्या वेळी.