दाढी केली की गळा लाल होतो? ब्लेड बदलायच्या आधी हे करून बघा

दाढी झाल्यावर गळा लाल, तासाभरात खाज आणि दुसऱ्या दिवशी कॉलर लागते तिथे बारीक पुटकुळ्या, हे ज्याला होतं त्यालाच कळतं किती वैताग येतो. मी बरीच वर्षं हे सहन केलं, आपली स्किनच तशी आहे असं धरून चाललो, दोन ब्लेडचं कार्ट्रिज (रेझरला लावायचं तयार डोकं) सोडून तीनचं घेतलं, मग पाचचं, फरक शून्य. फरक पडला तो केस नीट भिजवायला लागलो आणि हाताचा जोर काढून टाकला तेव्हा. सेफ्टी रेझर, म्हणजे दोन धारांचं एकच सुटं ब्लेड बसवायचा जुन्या पद्धतीचा रेझर, त्यानंतर घेतला. म्हणून आधी पाणी आणि हात, हत्याराचं नंतर बघू.

दाढीचा कोरडा केस फार चिवट असतो पण पाणी शोषलं की फुगतो आणि मऊ पडतो, मग तो कापायला ब्लेडला कमी जोर लागतो. यासाठी दोन-तीन मिनिटं तरी पाहिजेत, तोंडावर पाण्याचा हबका मारून लगेच फेस फासला तर काही उपयोग नाही. सगळ्यात सोपं म्हणजे आंघोळ झाल्या झाल्या दाढी करायची. ते जमत नसेल तर कोमट पाण्यात टॉवेल बुडवून, पिळून, दोन मिनिटं दाढीवर दाबून धरा. पाणी कोमटच हवं, कडकडीत गरम पाण्याने स्किन कोरडी पडते आणि मग तीच पुढे जळजळते. आधी साध्या फेसवॉशने तोंड धुवा कारण तेलकटपणा राहिला तर पाणी केसापर्यंत नीट पोचत नाही.

आता फेस. कॅनमधला फोम चालत नाही असं नाही, पण ब्रशने फिरवून केलेला फेस केस उभे करतो आणि पाणी केसाला धरून ठेवतो, माझ्या मते निम्मी दाढी तिथेच होते. बॅजर नावाच्या प्राण्याच्या किंवा डुकराच्या केसांचा ब्रश असेल तर आधी काही मिनिटं पाण्यात भिजत ठेवा, सिंथेटिकला नुसतं ओलं केलं तरी पुरतं. बदामाएवढं क्रीम वाटीत किंवा सरळ गालावर घ्या, ब्रश गोल गोल फिरवा आणि पाणी थेंब थेंब वाढवत जा. नवीन माणसाची हमखास चूक म्हणजे फेस कोरडा ठेवणं, दिसतो भरपूर, ढगासारखा फुगलेला, पण आत नुसती हवा आणि रेझर अडखळतो. बरोबर फेस चकचकीत दिसतो, फेटलेल्या दह्यासारखा, त्यात मोठे बुडबुडे नसतात आणि बोटांत घासला की सर्रकन निसटतो. पाणी जड असेल तर फेस लवकर मरतो, मग क्रीम जरा जास्त घ्या. हनुवटी आणि ओठावरचे केस सगळ्यात जाड म्हणून तिथे फेस आधी लावा आणि रेझर शेवटी फिरवा, तेवढाच त्यांना भिजायला जास्त वेळ.

रेझर लावायच्या आधी एक काम आहे जे बहुतेक जण आयुष्यात एकदाही करत नाहीत. दोन दिवसांची दाढी वाढू द्या आणि कोरड्या तोंडावर बोटं फिरवून बघा. ज्या दिशेने हात गुळगुळीत जातो ती केसांची दिशा, जिकडे खरखरतं ती उलटी. गालावर बहुधा वरून खाली असते, पण गळ्यावर मात्र काहीही असू शकतं, आडवी, खालून वर, एखाद्या ठिकाणी भोवरासुद्धा. माझ्या गळ्याच्या डाव्या बाजूला केस जवळजवळ कानाकडे जातात आणि मी तिथे वर्षानुवर्षं खालून वर ओढत होतो, लाल होणारच ना. कागदावर चेहऱ्याचं साधं चित्र काढून बाण काढा आणि पहिला महिना आरशाशेजारी चिकटवून ठेवा.

सेफ्टी रेझर वापरणार असाल तर रेझरचं डोकं गालावर सपाट टेकवा, दांडा गालापासून सरळ बाहेर आलेला दिसेल, मग दांडा हळूहळू खाली आणत जा, ब्लेडची धार केसाला लागली की थांबा. साधारण ३० अंशांचा कोन होतो तो. दांडा टोकाकडे बोटांनी हलका धरा, मुठीत आवळू नका, आणि जोर अजिबात लावू नका, रेझरच्या डोक्याचं स्वतःचं वजन पुरतं. कार्ट्रिजची सवय असलेल्या हाताला हे सगळ्यात अवघड जातं कारण तिथे आपण दाबतो, इथे दाबलं की कापलंच. कान देऊन ऐका, कोन बरोबर असला की केस कापल्याचा बारीक चरचर आवाज येतो, आवाज बंद झाला तर एक तर कोन गेला किंवा तिथला केस संपला. हात दोन-तीन सेंटिमीटर फिरवायचा, उचलायचा, दर दोन-तीन फटक्यांनी रेझर पाण्यात धुवायचा. कानापासून हनुवटीपर्यंत एका दमात ओढणं विसरा.

दुसऱ्या हाताने स्किन ताणायची पण हलकी. जबड्याच्या हाडावर तर मी स्किन कानाकडे ओढून घेतो म्हणजे कडेचा भाग सपाट गालावर येतो. कंठमणीवर स्किन बाजूला सरकवा, हाडावरून रेझर नेऊच नका. ओठावर वरचा ओठ दातांवर ओढून घ्या. बोटं घसरत असतील तर ओली तुरटी बोटांना चोळा, पकड येते.

पहिल्या खेपेला दाढी गुळगुळीत व्हायलाच पाहिजे हा हट्ट सोडा. एका खेपेत केस फक्त कमी होतात. पहिली खेप केसांच्या दिशेने, मग परत पूर्ण फेस, मग दुसरी आडवी. फेस नसलेल्या जागी रेझर फिरवायचा नाही म्हणजे नाही, राहिलेल्या चार केसांसाठी कोरड्या स्किनवर दोनदा ओरबाडलं की बाकी सगळी मेहनत वाया. उलटी दाढी ही तिसरी खेप, ती पहिला महिना करूच नका आणि गळ्यावर पुटकुळ्या येत असतील तर तिथे कधीच नको.

पुटकुळ्यांचं कारणही बघा. जास्त ब्लेडच्या कार्ट्रिजमध्ये पुढचं ब्लेड केस जरा ओढून वर आणतं, मागचं कापतं आणि कापलेलं टोक स्किनच्या पातळीखाली जाऊन बसतं. केस सरळ असेल तर तो नीट बाहेर येतो, कुरळा असेल तर वळून आतच घुसतो आणि शरीर त्याला परका समजून सूज आणतं. म्हणून कुरळ्या दाढीवाल्यांना एका ब्लेडचा रेझर जास्त मानवतो, आणि खूपच त्रास असेल तर ट्रिमरने एक मिलिमीटर खुंट ठेवणं सगळ्यात चांगलं. आत गेलेला केस पिनने उकरू नका, डाग राहतो. दाढी नसेल त्या दिवशी सॅलिसिलिक ॲसिडचं फेसवॉश वापरलं की छिद्रं मोकळी राहतात.

दाढी झाली की गार पाण्याने धुवा, टॉवेलने टिपा, घासू नका. मग ओली तुरटी फिरवायची आणि अर्ध्या मिनिटाने धुऊन टाकायची. तुरटी बारीक रक्त थांबवते, पण मला ती आवडते वेगळ्या कारणासाठी, जिथे चुरचुरेल तिथे तुम्ही जोर लावला होता हे ती लगेच सांगते. दर वेळी लक्षात ठेवा कुठे चुरचुरलं, दोन-तीन आठवड्यांत हात आपोआप सुधारतो. स्किन फार कोरडी असेल तर मात्र तुरटी फक्त कापलेल्या जागी लावा.

त्यानंतर मॉइश्चरायझर, हे टाळू नका. आपली स्किन किंचित आम्लधर्मी असते, पीएच ५ च्या आसपास, आणि दाढीचा साबण ९-१० चा, म्हणजे उलट अल्कधर्मी, शिवाय ब्लेडने केसांबरोबर वरचा पातळ थरही थोडा खरवडला जातो. अल्कोहोलवालं आफ्टरशेव्ह फ्रेश वाटतं पण आधीच लाल झालेल्या गळ्याला अजून सुकवतं, त्यापेक्षा बिनवासाचा बाम किंवा ग्लिसरीनवालं हलकं क्रीम घ्या. तेलकट स्किनवाल्यांनी जेल घ्यावं. बाहेर पडणार असाल तर वर एसपीएफ ३० चं सनस्क्रीन. त्या दिवशी स्क्रब, रेटिनॉल, ॲसिड काहीही नको.

ब्लेडचं आता. किंग कॅम्प जिलेटने फेकून देता येणारं ब्लेड १९०३ मध्ये विकायला आणलं, १९०४ मध्ये पेटंट मिळालं, तो दोन धारांचा आकार आजही जवळजवळ तोच आहे म्हणून बहुतेक कुठल्याही कंपनीचं दोन धारांचं ब्लेड तुमच्या सेफ्टी रेझरला बसतं. २०२० मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठाच्या संशोधकांनी दाखवलं की पोलाद केसापेक्षा जवळजवळ ५० पट कठीण असूनही केसामुळे धारेचे बारीक कपचे उडतात. तेव्हा चार-पाच दाढ्या झाल्या की ब्लेड बदला, केस खेचल्यासारखं वाटलं तर त्याच्या आधीच. फेदर कंपनीचं ब्लेड फार धारदार आहे, हात बसल्यावर घ्या, सुरुवातीला डर्बीसारखं सौम्य ब्लेड बरं. ब्लेड टॉवेलला पुसू नका, धार जाते आणि बोटही कापतं, नुसतं धुऊन झटका. रेझर कोणालाच देऊ नका, सख्ख्या भावालाही नाही, हेपॅटायटिस बी आणि सी रक्तातून पसरतात.

पुटकुळ्यांत पू धरला, दुखायला लागलं किंवा जागा पसरत चालली तर दाढी थांबवून स्किनच्या डॉक्टरला दाखवा, घरच्या घरी क्रीम बदलत बसू नका. आणि जुनी ब्लेडं मोकळी कचऱ्यात टाकू नका, कचरा उचलणाऱ्याचा हात कापतो. एखादा पत्र्याचा डबा घ्या, झाकणाला चीर पाडा, त्यात टाकत जा आणि भरला की चिकटपट्टीने बंद करून वर मोठ्या अक्षरात ब्लेड लिहा.