अनेक प्रदेश, अनेक कालखंड: विद्यापीठात इतिहासाचा अभ्यास कसा बांधावा

विद्यापीठातील इतिहासाचा अभ्यासक्रम विद्यार्थ्याला एकाच सत्रात अथेन्सच्या नागरिकसभेपासून चीनमधील सुंग राजवटीच्या राजसेवा परीक्षांपर्यंत आणि तिथून हैतीच्या क्रांतीपर्यंत नेऊ शकतो. एवढा पल्ला समोर आला की काही विद्यार्थी सनावळ्या पाठ करू लागतात, तर काही जण आधीपासून परिचित असलेल्या एका प्रदेशाला धरून राहतात आणि उरलेले पेपर उत्तीर्ण होण्यापुरतेच वाचतात. दोन्ही मार्गांनी गुण मिळतात, परंतु एका विषयात शिकलेले दुसऱ्या विषयात वापरता येत नाही आणि प्रत्येक सत्र नव्याने सुरू करावे लागते. यावर मला सर्वांत उपयुक्त वाटणारा उपाय असा की, पहिल्याच वर्षी एक प्रश्न निवडावा आणि तो प्रत्येक प्रदेशात व प्रत्येक काळात सोबत न्यावा.

हा प्रश्न ठोस असावा. ‘सत्ता म्हणजे काय’ असा प्रश्न कोणत्याही साधनाला नेमके उत्तर देऊ देत नाही. याउलट, राज्यसंस्था जमीन कसणाऱ्या माणसाकडून काय घेत असे, कोणामार्फत घेत असे आणि त्याची नोंद कशी ठेवत असे, हा प्रश्न जवळजवळ कुठेही विचारता येतो. फ्रान्समधील नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकल्यानंतर (नॉर्मन विजय) वीस वर्षांनी, 1086 मध्ये झालेल्या डूम्सडे पाहणीत जमिनी, नांगर, गिरण्या आणि त्यांचे धनी यांची मोजदाद आढळते. पंधराव्या-सोळाव्या शतकांतील उस्मानी (ऑटोमन) तुर्की साम्राज्याच्या दफ्तरांत गावागावांतील कुटुंबप्रमुखांची नावे आणि अपेक्षित करांचे आकडे येतात. इंका साम्राज्याकडे आपण ज्याला लेखन म्हणतो तशी लिपी नव्हती. तिथे कराचे मुख्य रूप श्रम हेच होते आणि हिशेब गाठी मारलेल्या दोरांवर, म्हणजे खिपूंवर ठेवला जाई. या दोरांवरील संख्या दशमान पद्धतीने वाचता येतात, परंतु त्यांतील बिगरसंख्यात्मक नोंदींचा उलगडा अद्याप झालेला नाही. त्यामुळे इंका व्यवस्थेविषयी आपल्याला जे समजते, त्याचा मोठा भाग 1532 नंतर आलेल्या स्पॅनिश विजेत्यांच्या कागदपत्रांतून गाळून घ्यावा लागतो. प्रश्न एकच असला तरी तिन्ही ठिकाणी उत्तराची खात्री वेगवेगळ्या प्रतीची राहते, आणि ती किती आहे हे ओळखणे हाच या अभ्यासाचा गाभा आहे.

म्हणून कोणत्याही नव्या विषयाच्या आरंभी राजांची यादी करण्यापूर्वी साधनांची यादी करावी. त्या प्रदेशातील त्या काळाचे काय टिकले, कोणी टिकवले आणि कशामुळे टिकले, हे तीन रकाने पुरेसे आहेत. टिकण्यामागची कारणे अनेकदा अनपेक्षित असतात. जुन्या कैरोतील बेन एझरा सिनेगॉगमध्ये, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळात, टाकाऊ झालेले हिब्रू लिपीतील कागद नष्ट न करता एका खोलीत साठवले जात, आणि त्या प्रथेमुळे भूमध्य समुद्रापासून हिंदी महासागरापर्यंत व्यापार करणाऱ्या सामान्य व्यापाऱ्यांची पत्रे, करार आणि तक्रारी आपल्या हाती आल्या. चीनमध्ये एका राजवटीचा अधिकृत इतिहास बहुधा पुढील राजवटीच्या आश्रयाने लिहिला गेला, त्यामुळे शेवटचे सम्राट त्यात दुर्बल किंवा दुराचारी का दिसतात याचा विचार वाचतानाच करावा लागतो. पश्चिम आफ्रिकेत माली साम्राज्याचा संस्थापक सुंजाता याची कथा ग्रिओ म्हणवणाऱ्या परंपरागत कथनकारांनी पिढ्यान्‌पिढ्या मुखोद्गत जपली. अशा मौखिक परंपरेला दुय्यम मानू नये, मात्र ती कोणाच्या समोर आणि कोणत्या घराण्याच्या गौरवार्थ सांगितली जात होती, हा प्रश्न तिलाही तितक्याच कठोरपणे विचारावा.

साधनचिकित्सेचा सराव लहान मजकुरावर करावा. दर आठवड्याला अनुवादित मूळ साधनाचे एक-दोन पानांचे अंश घ्यावेत आणि त्यावर किमान एक पान स्वतःचे लेखन करावे: लिहिणारा कोण, ऐकणारा कोण, मजकुरात काय गृहीत धरले आहे, काय टाळले आहे. रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनने पोपला पश्चिमेकडील सत्ता दिल्याचे सांगणारे ‘कॉन्स्टंटाइनचे दानपत्र’ बनावट असल्याचे इटालियन विद्वान लोरेन्झो वाल्ला याने 1440 मध्ये दाखवले, तेव्हा त्याचा मोठा आधार भाषेचा होता. चौथ्या शतकातील म्हणून मिरवणाऱ्या दस्तऐवजात पुढील काळातील लॅटिन शब्द आढळत होते. आजही विद्यार्थ्याने मजकूर इतक्याच जवळून वाचावा, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

कालगणनेकडे विद्यार्थी फारसे लक्ष देत नाहीत आणि नंतर अडखळतात. हिजरी वर्ष सुमारे 354 दिवसांचे असल्याने ते बहुधा दोन इसवी सनांवर पसरते. इंग्लंडमध्ये 1751 पर्यंत कायदेशीर वर्ष 25 मार्चला सुरू होई, म्हणून फेब्रुवारी 1690 अशी नोंद असलेले पत्र आजच्या हिशेबाने 1691 चे असू शकते. रशियाने ग्रेगोरियन दिनदर्शिका 1918 मध्ये स्वीकारली, आणि त्यामुळेच 1917 ची ऑक्टोबर क्रांती आपल्या नोंदीनुसार 7 नोव्हेंबरला येते. प्रत्येक विषयाच्या वहीत पहिल्या पानावर त्या प्रदेशाची कालगणना आणि तिथले स्वतःचे कालविभाग लिहून ठेवावेत. प्राचीन, मध्ययुगीन आणि आधुनिक ही त्रिविभागणी युरोपच्या इतिहासातून आली आहे. ती जपान किंवा आफ्रिका यांच्यावर जशीच्या तशी लादल्यास तिथले खरे बदल नजरेतून सुटतात.

त्याचबरोबर सर्व विषयांसाठी एक सामाईक कालपट ठेवावा, कारण प्रदेश एकमेकांवर प्रकाश टाकतात. सम्राट अशोकाच्या तेराव्या शिलालेखात पाच समकालीन ग्रीक राजांची नावे आहेत, आणि त्या राजांच्या कारकिर्दी ग्रीक साधनांतून ठाऊक असल्याने अशोकाचा काळ बराच नेमका ठरवता आला. 1545 मध्ये दक्षिण अमेरिकेतील पोतोसी (आजच्या बोलिव्हियात) येथे चांदीच्या खाणी सापडल्या आणि 1571 मध्ये स्पॅनिशांनी फिलिपिन्समध्ये मनिला शहर वसवले, जिथून अमेरिकेची चांदी चीनकडे जाऊ लागली. या दोन नोंदी चीनमधील मिंग राजवटीच्या चांदीत घेतल्या जाणाऱ्या करांच्या शेजारी ठेवल्या, की तीन वेगळे पेपर एकाच व्यवहाराचे भाग असल्याचे दिसू लागते.

तुलनात्मक निबंध लिहिताना साम्यांची आणि भेदांची दोन टोपली भरून थांबू नये. एक कारण सारखे असताना परिणाम वेगळे का झाले, असा प्रश्न धरल्यास लेखनाला दिशा मिळते. चौदाव्या शतकाच्या मध्यावर आलेल्या प्लेगने इंग्लंड आणि मामलुक सुलतानांच्या राजवटीतील इजिप्त या दोन्ही ठिकाणी मोठी मनुष्यहानी केली. इंग्लंडमध्ये मजूर कमी झाल्याने मजुरी वाढू लागली आणि ती रोखण्यासाठी 1351 मध्ये कायदा करावा लागला. इजिप्तमध्ये मात्र शेती नाईलच्या पुरावर आणि सामुदायिक श्रमाने राखलेल्या बांध-कालव्यांवर अवलंबून होती, आणि माणसे कमी झाल्यावर ती व्यवस्थाच खालावली. इथे निबंधाचा कणा सिंचन आणि श्रमव्यवस्था हा होतो, प्लेगचे वर्णन एका परिच्छेदात आटोपते.

भाषेचा निर्णय लवकर घ्यावा. पदवीच्या तीन-चार वर्षांत एका साधनभाषेचे वाचन जमण्याइतका अभ्यास होऊ शकतो, परंतु शेवटच्या वर्षी तो सुरू केल्यास प्रबंधाला त्याचा उपयोग होत नाही. ज्या विषयांत मूळ भाषा येत नाही, तिथे शक्य असल्यास एकाच मजकुराचे दोन अनुवाद शेजारी ठेवून वाचावेत आणि त्यांत फरक पडेल त्या जागी निष्कर्ष सावधपणे मांडावा.

प्रबंधाचा विषय ठरवताना आधी ग्रंथपाल आणि मार्गदर्शक यांच्याशी बोलून, आपल्याला वाचता येणाऱ्या भाषेत, छापील किंवा डिजिटल स्वरूपात नेमकी कोणती साधने उपलब्ध आहेत हे तपासावे आणि त्यांतील काही पाने प्रत्यक्ष वाचून पाहावीत. अभिलेखागारात जायचे असल्यास परवानगीचे नियम, सूची आणि कामकाजाच्या वेळा सत्र सुरू होण्यापूर्वीच माहीत करून घ्याव्यात. साधने हाती लागत नसल्यास प्रश्न सोडून देण्याची घाई करू नये. तोच प्रश्न घेऊन, साधने पोहोचतील अशा दुसऱ्या प्रदेशाकडे किंवा शेजारच्या शतकाकडे वळावे आणि हा बदल का केला, हे प्रस्तावनेत स्पष्ट लिहावे.