रात्रीचा घाम, हॉर्मोनची गोळी आणि घरचे उपाय: या चुका टाळा

मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा पंचेचाळिसाला टेकतो. त्या दिवसांत रात्री घाम आला तर त्याचं कोणाला काय वाटणार? मीही दोन उन्हाळे कूलरलाच दोष दिला. मग डिसेंबर आला. शेताशेतांत भरताच्या पार्ट्या सुरू झाल्या, घरातले सगळे दोन-दोन गोधड्या ओढून झोपू लागले आणि मी मात्र पहाटे तीनला पाठ भिजून उठून बसायचे. पाच मिनिटांनी घाम थंड पडला की कुडकुडायचे. तेव्हा कळलं की हे हवेचं नाही, पाळी जाण्याचं आहे.

आमच्या गल्लीतल्या एक मावशी म्हणायच्या, "रातले आंग पेटस, माय." अगदी तसंच होतं. आणि अंग पेटलं की आपण लगेच ठरवतो, उष्णता झाली. मग सब्जा, धण्याचं पाणी, गुलकंद, खडीसाखर सुरू. पहिली चूक इथेच होते. ही पोटातली उष्णता नाही. मेंदूत शरीराचं तापमान सांभाळणारा एक भाग असतो. पाळी जाताना इस्ट्रोजेन हे बायकांचं हॉर्मोन कमी झालं की तो फार हळवा होतो. अंग किंचित जरी तापलं तरी त्याला वाटतं, आता थंड करायलाच हवं. मग तो कातडीकडे रक्त सोडतो आणि दरदरून घाम फुटतो. सब्ज्याचं पाणी जरूर प्या, घाम गेल्यावर पाणी लागतंच. पण शुगर असेल तर गुलकंद आणि खडीसाखरेनं नवं दुखणं पदरात पडेल.

सगळं एकदम सुरू करू नका

डॉक्टरांनी हॉर्मोन थेरपी, म्हणजे कमी झालेलं हॉर्मोन बाहेरून देण्याचा उपचार, लिहून दिली, त्याच आठवड्यात नणंदेनं शतावरी पाठवली, कोणी जवसाची चटणी खायला सांगितली, शिवाय चहा बंद. महिन्याभरानं बरं वाटलं तर श्रेय कोणाला? आणि डोकं दुखू लागलं, छाती जड झाली, तर दोष कोणाचा? एका वेळी एकच गोष्ट बदला आणि तिला वेळ द्या. हॉर्मोनचा गुण यायला तीन-चार आठवडे लागतात, पुरता फरक कळायला तीन महिनेही लागू शकतात. दहाव्या दिवशी "काही उपयोग नाही" म्हणून डबी कपाटात टाकणाऱ्या बाया मी पाहिल्या आहेत. त्यांचं मला फार वाईट वाटतं, कारण या घामावर सगळ्यांत जास्त गुण याच उपचाराचा येतो. वाफा, म्हणजे अंग एकदम पेटून घाम फुटण्याचे हे झटके, साधारण तीन चतुर्थांशानं कमी होतात.

घरगुती उपायांबद्दल एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. औषधच नसलेल्या गोळ्या देऊन जे अभ्यास झाले, त्यांतही बायांच्या वाफा बऱ्यापैकी कमी झाल्या. त्यामुळे प्रत्येक पुडीमागे "मला तर लगेच गुण आला" म्हणणारी एखादी ताई सापडतेच. ती खोटं बोलत नसते. पण तिच्या अनुभवावरून पुडीचा गुण सिद्ध होत नाही.

"आयुर्वेदिकच आहे, डॉक्टरांना काय सांगायचं?"

सगळ्यांत महाग पडणारी चूक ही. बीपीची गोळी चालू असताना रोज ज्येष्ठमधाचा काढा घेतला तर बीपी वाढतं आणि रक्तातलं पोटॅशियम उतरतं. अरिष्टं आणि आसवं आंबवून बनतात, त्यामुळे त्यांत थोडं अल्कोहोल असतंच, आणि अल्कोहोलनं कित्येकींना वाफा येतात. ऑनलाइन मिळणाऱ्या परदेशी कॅप्सूलमध्ये सेंट जॉन्स वर्ट नावाची वनस्पती असेल तर यकृत हॉर्मोनचा लवकर निचरा करतं आणि गोळीचा असर कमी होतो. ब्लॅक कोहोश ही दुसरी परदेशी वनस्पती घेणाऱ्या काही जणींच्या यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत.

बाजारात मिळणाऱ्या, नाव-गाव नसलेल्या पुड्यांपासून तर लांबच राहा. चार दिवसांत सगळी दुखणी पळाली, भूक वाढली आणि चेहरा सुजल्यासारखा गोल दिसू लागला, तर त्यात स्टेरॉइड मिसळल्याचा संशय घ्या. पण अशी पुडी बरेच दिवस घेतली असेल तर एकदम बंद करू नका, ती घेऊन डॉक्टरांकडे जा.

थायरॉइडची गोळी घेणाऱ्यांनी आणखी एक लक्षात ठेवावं. इस्ट्रोजेन पोटातून घेतलं तर थायरॉइडचा डोस वाढवावा लागू शकतो, म्हणून दीड-दोन महिन्यांनी टीएसएच ही थायरॉइडची रक्तचाचणी करून घ्या. कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्या थायरॉइडच्या गोळीपासून चार तास लांब ठेवा. सोयाबीनही तिच्यासोबत नको. एरवी सोयाबीन, जवस खायला काहीच हरकत नाही. सोयाबीनचा वाफांवर झाला तर थोडाच फरक होतो, तोही सावकाश.

गोळ्यांची काटछाट

गर्भाशय शाबूत असेल तर इस्ट्रोजेनसोबत प्रोजेस्टेरॉन हे दुसरं हॉर्मोन लागतंच. नुसत्या इस्ट्रोजेननं गर्भाशयाचं अस्तर जाड होत जातं आणि कर्करोगाचा धोका वाढतो. "दोन-दोन गोळ्या कशाला" म्हणून एक गाळू नका. आपल्याकडे पिशवी काढलेल्या बाया पुष्कळ. त्यांना बहुतेकदा एकटं इस्ट्रोजेन पुरतं, म्हणून त्यांची चिठ्ठी वेगळी असते. बहिणीची पिशवी काढलेली आणि तुमची नाही, तर तिच्या गोळ्या तुम्हाला चालणार नाहीत. प्रोजेस्टेरॉनच्या कॅप्सूलनं बऱ्याच जणींना गुंगी येते, म्हणून ती झोपताना घ्यायची. सकाळी घेऊन दिवसभर चक्कर येते म्हणणाऱ्यांनी आधी वेळ तपासावी.

श्रावणात आपल्या खानदेशात कानबाई देवी बसते, तिचे रोट असतात, घरोघरी पाळी पुढे ढकलण्याच्या गोळ्या आणल्या जातात. पाळी अजून अधूनमधून येत असेल आणि हॉर्मोन थेरपी चालू असेल, तर ती गोळी मनानं घेऊ नका, तीही हॉर्मोनचीच असते. उपास आहे म्हणून रोजची गोळीही चुकवू नका.

गोळीऐवजी इस्ट्रोजेनचं जेल कातडीवर लावणाऱ्यांची चूक साधी असते. आंघोळीनंतर खोबरेल तेल चोळायचं आणि त्यावर जेल. तसं नको. कोरड्या, स्वच्छ कातडीवर लावा, वाळू द्या, हात धुवा, निदान तासभर पाणी लावू नका. ती जागा नातवंडांच्या अंगाला लागणार नाही एवढं पाहा.

कूलर आणि रात्रीचं ताट

बंद खोलीत कूलर लावणं ही आपल्या भागातली खास चूक. कूलर पाण्याची वाफ करून गारवा देतो. ती दमट हवा खिडकीतून बाहेर गेली नाही तर घाम वाळतच नाही. मे महिन्याच्या कोरड्या हवेत खिडकी उघडी ठेवून कूलर उत्तम चालतो. जुलै-ऑगस्टात मात्र पंप बंद करून नुसता वारा घ्या. अंगावर एक जाड गोधडी घेण्यापेक्षा दोन पातळ सुती चादरी बऱ्या, एक झटकन काढता येते. नायलॉनचा गाऊन नको.

तिखटाबद्दल मी कोणाला सरसकट बंदी सांगणार नाही. शेवभाजी, ठेचा सोडून महिना काढला आणि घाम तसाच, असंही होतं. वहीत आठ-दहा दिवस लिहा: रात्री काय खाल्लं, शेवटचा चहा कधी, किती वेळा उठलात. माझ्या वहीत ठेचा निर्दोष निघाला. दोषी होता रात्री नऊचा चहा. वजन जास्त असेल तर ते उतरवल्यानं फरक पडतो. विचारांच्या आणि वागण्याच्या सवयी बदलायला शिकवणाऱ्या सीबीटी नावाच्या समुपदेशनानं घामाचा त्रास कमी जाणवतो, झोपही सुधारते.

प्रत्येक घाम पाळीचा नसतो

गल्लीतल्या त्याच मावशींना सहा महिने सगळे पाळीचाच घाम समजत होते. मीसुद्धा. पण त्यांचं वजन उतरत होतं, संध्याकाळी कणकण यायची आणि खोकला दोन आठवड्यांवर गेला होता. थुंकी तपासली तर क्षयरोग निघाला. थायरॉइड वाढला तरी घाम येतो. इन्सुलिन किंवा शुगरची गोळी घेणाऱ्यांची साखर रात्री उतरली तरी दरदरून घाम सुटतो, हात थरथरतात. अशा वेळी आधी साखर मोजा.

पाळी जाऊन १२ महिने झाल्यावर एक डाग जरी दिसला, किंवा स्तनात गाठ लागली, तर त्याच आठवड्यात स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा. हॉर्मोन चालू असताना एका पायाची पोटरी सुजून दुखली, छातीत कळ आली, दम लागला किंवा अचानक बोलणं अडखळलं, तर सकाळची वाट पाहू नका, त्याच रात्री दवाखाना गाठा. जाताना पिशवीत सगळं घाला: गोळ्यांची पाकिटं, काढ्याची बाटली, नणंदेची शतावरी, सगळंच.