मगावर साशिको : लाल मातीत पांढरा धावदोरा

साशिको म्हणजे जपानी शेतकऱ्यांच्या घरातला धावदोरा. निळीत रंगवलेल्या कापडाचे थर पांढऱ्या दोऱ्याने जोडायचे, म्हणजे ऊबही येते आणि विरलेलं झाकलंही जातं. आपली गोधडीच ती. म्हणून माझ्याकडे मातीच्या भांड्यांवरची नक्षी शिकायला येणाऱ्यांना मी येवल्याच्या पैठणीतला मोर लगेच काढू देत नाही. आधी टाके घाला म्हणते.

नक्षी शिप्पो घ्या, एकमेकांत अडकलेल्या वर्तुळांची. असानोहा, म्हणजे हेम्पच्या पानाची नक्षी, जास्त देखणी. हेम्पचं (भांगेच्या जातीचं) रोप भराभर सरळ वाढतं म्हणून तिकडे तान्ह्यांच्या कपड्यांवर ती असते. पण तिचे त्रिकोण गोल भांड्यावर जुळवताना नवख्याचा जीव जातो.

माती जुन्या नाशकातल्या कुंभारवाड्याची चालेल, बारीक चाळून. तिचा सरळ उभ्या भिंतींचा मग घडवा. तो लेदर-हार्ड, म्हणजे चामड्यासारखा घट्ट पण अजून ओलसर झाला की भोवती कागदाची पट्टी गुंडाळा, जादा कापा आणि घड्या घालून बारा भाग पाडा. भाग सम हवेत, नाहीतर शेवटचं वर्तुळ पहिल्याला मिळत नाही. साडेआठ सेंटिमीटर व्यासाच्या मगावर एक भाग साधारण सव्वादोन सेंटिमीटरचा. तेवढ्याच चौकटी पेन्सिलीने हलक्या आखा. भट्टीत रेघा जळून जातात. कंपास इथे निरुपयोगी. जुन्या प्लॅस्टिक फाइलमधून साडेचार सेंटिमीटरचा गोल कापा, तो मगावर वाकतो. एकाआड एक छेदबिंदूवर (पुढच्या ओळीत एक बिंदू सरकवून) त्याचं केंद्र ठेवून कडेने गिरवा.

आता संपलेल्या रिफिलीच्या टोकाने त्या रेघेवर टाके कोरा. टाका तांदळाच्या दाण्याएवढा, मधली जागा त्याहून थोडी कमी. वर्तुळं एकमेकांना छेदतात तिथे जागा मोकळी सोडा. साशिकोतही तसंच करतात, आणि मातीत तर तिथे हमखास कपची उडते.

टाक्यांत दाटसर पांढरी स्लिप, म्हणजे पाण्यात कालवलेली पांढरी माती, भरा. (ही भरणी मूळची कोरियाची, जपानात तिला मिशिमा म्हणतात.) वरची चमक गेली की हॅक्सॉ ब्लेडच्या पाठीने जादाची स्लिप खरवडा. ओला स्पंज मुळीच नको, पांढरं सगळीकडे फासतं. एप्रिल-मेमध्ये इथली हवा इतकी कोरडी असते की टाके घालता घालता माती वाळते आणि वाळल्या मातीवर भरलेली स्लिप पुढे सुटून येते. काम चालू नसलेल्या अर्ध्या भागावर ओलं सुती फडकं ठेवा.

सावलीत पूर्ण सुकला की हजार अंशांच्या आसपास भाजा. चहा प्यायचा असेल तर आतून शिसं नसलेलं ग्लेझ (भाजल्यावर काचेसारखा होणारा लेप) देऊन पुन्हा भाजा, बाहेरून मात्र कोराच ठेवा.