तीन पाण्यांत उन्हाळ्याची तयारी

सोलापुरात घराची डागडुजी पंचांग बघून होत नाही, पाण्याचा वार बघून होते. आमच्या भागात चार-पाच दिवसांआड नळ येतो. रंगपंचमीपासून पाडव्यापर्यंत दहा-अकरा दिवस असतात, म्हणजे फार तर तीन पाणी. तेवढ्यात गच्ची, टाकी, कूलर आणि अंगण आवरलं तर ठीक. पुढे एप्रिलात पारा बेचाळीसवर गेला की गच्चीवर चप्पल घालूनसुद्धा उभं राहवत नाही. रंगपंचमीच्या आधी मात्र सुरू करू नका. पोरं गच्चीवर रंग खेळतात आणि धुतलेलं परत धुवावं लागतं.

पहिल्या पाण्याच्या आदल्या दिवशी टाकी आपसूक रिकामी होत आलेली असते. तोच टाकी धुवायचा मुहूर्त. पण त्याआधी गच्ची कोरडी झाडून घ्या. शेजारच्या कडुलिंबाची पानगळ फाल्गुनात होते, आमच्या गच्चीवर पोतंभर पानं साठतात. ती फेकू नका, अंगणात लागतात. पावसाच्या पाइपाच्या तोंडाशी हात घालून बघा. मला तिथे एकदा क्रिकेटचा चेंडू सापडला होता आणि एकदा कबुतराचं अख्खं घरटं.

टाकीच्या तळाला बोट-दोन बोटं पाणी नेहमीच राहतं, कारण बाहेर जाणारा पाइप तळापासून थोडा वर बसवलेला असतो. उजनीचं पाणी कितीही स्वच्छ दिसलं तरी वर्षभरात त्या दोन बोटांत मऊ तपकिरी गाळ बसतो. काथ्याच्या ब्रशनं घासा. साबण किंवा कपड्याची पावडर वापरू नका, तिचा फेस पुढे आठ दिवस चहात लागतो. हे घासलेलं गढूळ पाणी बादलीनं काढून गच्चीवर ओता. एकाच पाण्यात गच्चीही धुऊन निघते आणि तेच पाणी पाइपातून खाली अंगणात जातं.

आता खरं काम. ओली गच्ची उन्हात वाळताना तिथेच बसून बघा. स्लॅब वाळून पांढरट होतो, पण जिथे केसाएवढी चीर आहे तिथे पाणी आत मुरलेलं असतं, म्हणून ती रेघ सगळ्यात शेवटी वाळते. दहा मिनिटं काळी रेघ दिसते आणि मग गायब. तेवढ्यात खडूनं खूण करून घ्या. पावसाळ्यात छत गळायला लागल्यावर मिस्त्रीला बोलावलं की तो अंदाजानं सगळी गच्ची फोडायला सांगतो. खडूची खूण दाखवली की निमूटपणे तेवढीच चीर छिन्नीनं उघडून भरून देतो.

टाकीत नवं पाणी भरल्यावर टीसीएल पावडर, म्हणजे पाणी शुद्ध करायची ब्लीचिंग पावडर. हजार लिटरला चार-पाच ग्रॅम, म्हणजे चहाचा एक चमचा. मगभर पाण्यात कालवा, चुना खाली बसू द्या, वरची निवळ तेवढी टाकीत घाला. अर्धा तास कुणी नळ सोडायचा नाही. आणि ज्यांच्याकडे जमिनीतला हौद आहे त्यांनी झाकण बराच वेळ उघडं ठेवल्याशिवाय आत उतरू नये, आणि वर माणूस उभा असल्याशिवाय तर अजिबातच नाही.

दुसरं पाणी चुन्याचं. शाळेच्या प्रयोगशाळेत मी सत्तावीस वर्षं सहायक होते, त्यामुळे या कामात मी कुणाचं ऐकत नाही. बाजारात उष्णता परतवणारे तयार रंग मिळतात, चांगले असतात, महाग असतात. आमच्या गच्चीला पंधरा किलो कळीचा चुना पुरतो.

लोखंडी पिंप घ्या, प्लॅस्टिकची पातळ बादली नको. आधी पाणी, मग चुना. उलटं कधीच करू नका. कळीच्या चुन्यावर वरून पाणी ओतलं तर ते खदखदून अंगावर उडतं. एकेक खडा हळूच सोडायचा. आधी काही होत नाही, मग खडा चर्र करतो, फुटतो, आणि पिंप उकळायला लागतं. डोळ्यांवर चष्मा हवाच. थेंब डोळ्यात गेला तर चोळायचं नाही, साध्या पाण्यानं पंधरा-वीस मिनिटं धुवायचं आणि डॉक्टर गाठायचा. पोरांना त्या दिवशी जिन्याची कडी लावून खालीच ठेवा.

रात्रभर चुना पिंपात राहू द्या. दुसऱ्या दिवशी जुन्या सोलापुरी चादरीच्या तुकड्यातून गाळा. चादर जितकी विरलेली तितकी बरी, नवी चादर तुंबते. ताकाइतकं पातळ करा, त्यात थोडा फेव्हिकॉल, आणि कुंच्यानं पहिला हात. चीर भरलेली जागा आधी पक्की वाळलेली हवी.

वेळ महत्त्वाची. पहिल्या वर्षी मी भर दुपारी, उन्हात लवकर वाळेल म्हणून, चुना मारला. लवकर वाळला खरा. तिसऱ्या दिवशी सगळ्यांच्या पायाला पीठ लागून हॉलपर्यंत पांढरी पावलं उमटली, सासूबाई म्हणाल्या, लक्ष्मी आली का काय! चुन्याला वाळायचं नसतं, त्याला दगड व्हायचं असतं. हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन तो परत घट्ट होतो आणि त्यासाठी ओल लागते. म्हणून ऊन उतरल्यावर, स्लॅबवर पाणी शिंपडून, ओलसर असतानाच हात मारायचा. दुसरा हात दुसऱ्या संध्याकाळी, आडवा. दोन्ही सकाळी हलकं पाणी शिंपडा. पावसाळ्यात हा चुना उतरतो, म्हणून दरवर्षी करावंच लागतं. रात्री नऊ वाजता छताखाली पंखा लावून बघा. चुना नसलेल्या गच्चीखाली पंखा गरम हवाच खाली ढकलतो, कारण दिवसभर तापलेला स्लॅब रात्रभर ऊब सोडत असतो.

उरलेल्या चुन्यात गोणपाट बुडवून काळ्या टाकीला गुंडाळा, सुतळीनं बांधा. नाहीतर मे महिन्यात दुपारी नळाला उकळतं पाणी येतं.

तिसरं पाणी कूलरचं. आमचा कूलर लोखंडी पेटीचा, खिडकीत बसवलेला. जुनं गवत काढून टाका, धुऊन परत लावायचा मोह आवरा. जुन्या गवताला क्षार धरतात, त्यातून हवा जात नाही, आणि पहिल्याच दिवशी घरात मासळीबाजाराचा वास सुटतो. पंपाची जाळी आणि पाण्याच्या नळीची भोकं क्षारांनी बुजलेली असतात. लिंबूसत्व दोन चमचे, लिटरभर गरम पाणी, तासभर भिजत. खिळ्यानं टोचू नका, भोकं मोठी होतात आणि पाणी एकाच बाजूला पडतं.

तीन वर्षांपूर्वी कारागिरानं पंप बदलला, पैसे घेतले आणि गेला. संध्याकाळी पाणी भरताना पेटीला हात लागला, खांद्यापर्यंत झिणझिणी गेली. अर्थिंगची तार त्यानं जोडलीच नव्हती, नुसती गुंडाळून आत ठेवली होती. तेव्हापासून काम झाल्यावर मी स्वतः तीन पिनांचा प्लग आणि पेटीला जोडलेली हिरवी तार बघते, मग पैसे देते. पाणी भरताना बटण बंद करून भागत नाही, प्लगच काढायचा. कूलरसमोरची खिडकी बंद ठेवू नका, ओली हवा बाहेर जाऊ दिली नाही तर घर भिजल्यासारखं होतं.

आठवड्यातून एकदा कूलर रिकामा करून पेटीच्या कडा घासा. डेंगीच्या डासाची अंडी पाण्यात नाही, पाण्याच्या रेघेवर चिकटतात आणि कोरडी राहूनही महिनोन्महिने जगतात. नुसतं पाणी ओतून टाकून ती जात नाहीत. साठवणीच्या पिंपालाही हेच लागू, आणि आपल्या गावात पिंपाशिवाय घर नाही.

अंगणात थोडंच आहे. मोगऱ्याची छाटणी राहिली असेल तर आता तशीच राहू द्या, कळ्या धरायला लागल्यात. कढीपत्ता आणि लिंबाच्या बुडाशी ती पोतंभर कडुलिंबाची पानं चार बोटं जाड पसरा, खोडाला मात्र टेकू देऊ नका. पाणी संध्याकाळी द्या. पानांत हात घालायच्या आधी काठीनं ढवळा, आमच्याकडे मार्चमध्ये विंचू निघतात. चौकटीच्या लाकडावर मातीची बोटभर नळी दिसली तर ती वाळवी, लगेच बघा. इन्व्हर्टरच्या बॅटरीत डिस्टिल्ड वॉटर खुणेइतकंच, आणि तेव्हा हातातल्या बांगड्या काढून ठेवा.

आपली काळी माती उन्हाळ्यात आकसते, पावसात फुगते, आणि घर तिच्याबरोबर श्वास घेतं. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात माझ्याकडे एक तिरकी भेग आहे. तिच्या दोन्ही टोकांना मी पेन्सिलनं आडवी रेघ मारून वर्ष लिहिते: 2019, 2021, 2022. भेग रेघेच्या पुढे सरकली तर इंजिनिअरला बोलवायचं. नाही सरकली तर नुसती भरायची, तीही एक पूर्ण उन्हाळा आणि एक पावसाळा बघूनच. 2022 च्या रेघेपुढे ती अजून गेलेली नाही. यंदाची रेघ पाडव्याला गुढी उतरवून झाली की मारते.